तापीची थडी आणि भेस्तानच्या खाड्या

सुरतेच्या पुरांचा इतिहास सांगताना मी दोनच आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण पुढचे सगळे त्यांच्यातून निघते. ऑगस्ट १९६८ मध्ये तापीला जो पूर आला, त्यात सेकंदाला साडेपंधरा लाख घनफूट, म्हणजे साडेपंधरा लाख क्युसेक पाणी वाहिले आणि होप पुलापाशी पातळी १२.०८ मीटरपर्यंत चढली. ऑगस्ट २००६ च्या पुरात पाणी होते सुमारे नऊ लाख दहा हजार क्युसेक, आणि त्याच ठिकाणी पातळी गेली १२.४० मीटर. पाणी पाच हिश्शांतले दोन हिस्से कमी, आणि उंची मात्र एक फूट जास्त! घागरीत कमी पाणी ओतावे आणि ते काठावरून सांडावे, तर घागर लहान झाली असे आपण म्हणू. नदीच्या बाबतीत मात्र अडतीस वर्षांत ती लहान झाली हे म्हणायला आपली जीभ रेटत नाही, कारण तिला लहान करणाऱ्यांत आपलीही घरे आहेत.

‘आपली’ हा शब्द मी जाणून वापरतो. भेस्तान, पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात आज जी मराठी कुटुंबे दोन-तीन पिढ्यांची झाली आहेत, त्यांतली बहुतेक जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडची. विसाव्या शतकाच्या आरंभी तापी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली आणि भुसावळ, अमळनेर, नंदुरबारहून सुरतेला येणे सोपे झाले. कापडगिरण्या, मग यंत्रमाग, मग डाइंग-प्रिंटिंगचे कारखाने, असे एकामागून एक काम मिळत गेले. मराठी माणसाचे या भागात येणे त्याहून जुने आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांचा तळ उधन्यापाशीच पडला होता. पण तो तळ होता, वस्ती नव्हे. वस्ती रेल्वेने आणली.

आणि ज्या खोऱ्यातून रेल्वे आली, त्याच खोऱ्यातून पाणी येते. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेच्या खाली समुद्राला मिळते. तिचे खोरे सुमारे पासष्ट हजार चौरस किलोमीटरचे, आणि त्यातला जवळजवळ चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्यांची नावे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून असतात. बोरीला पाणी आले की दोन दिवसांनी ते आपल्या उशाशी येणार, असा हा हिशेब आहे. सुरतेचा पूर हा पुष्कळसा आपल्या गावाकडचा पाऊस असतो.

गावाकडच्या रीतीही आठवाव्यात. आपल्याकडे गावाला ‘पांढरी’ म्हणतात आणि शेताला ‘काळी’. पांढरी म्हणजे गावठाणाची जागा, बहुधा जरा उंचवट्यावरची. काळी म्हणजे पिकाची जमीन, पाण्याच्या जवळची. नदीच्या दोन्ही अंगांनी जो गाळाचा पट्टा असतो त्याला ‘मळई’ म्हणत. पाणी ओसरले की ओल्या गाळात बी टाकायचे, त्याला ‘गाळपेर’ म्हणत, आणि सरकारदप्तरी आजही हा शब्द आहे. नदीकाठच्या मुलखाला ‘थडी’ म्हणतात. गोदावरीकाठच्या सुपीक पट्ट्याचे ‘गंगथडी’ हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. या शब्दांत एक करार आहे. वर्षातले आठ महिने थडी माणसाची, चार महिने नदीची. तिथे टरबुजे लावा, वांगी लावा, जनावरे चारा, पण जोते बांधू नका.

अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते. माझे वडील त्या तालुक्यातले. ते सांगत, वैशाखात पात्रात पाळणे, दुकाने, भजनी दिंड्या, माणसांची दाटी. आणि ज्येष्ठ-आषाढात तिथेच गढूळ पाणी. पात्र मोकळे होते म्हणून यात्रा भरत होती, आणि यात्रा उठत होती म्हणून पात्र मोकळे राहत होते. लहानपणी मला ही केवळ आठवण वाटे. पुढे पूरमैदानाविषयी वाचू लागलो तेव्हा कळले, की एवढ्या नेमक्या शब्दांत ही गोष्ट तज्ज्ञांनीही क्वचितच सांगितली असेल.

गुजरातेतही हा शहाणपणा होताच. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीला इथे ‘भाठा’ म्हणतात, आणि शहराच्या पश्चिमेला भाठा नावाचे गावच आहे. नावाने जमिनीची जात सांगितली आहे. सुरत शहर पूर पाहत आले आहे. १८३७ च्या एप्रिलमध्ये मोठी आग लागून शहराचा फार मोठा भाग जळाला आणि त्याच वर्षी पुढे पूर आला, ही हकीकत जुन्या कागदांत आहे. १८८३, १९४४, १९४५, १९५९ आणि १९६८ हे त्यानंतरचे मोठे पूर. १९५९ चा पूर जवळजवळ तेरा लाख क्युसेकचा होता. त्या काळी नदीचे पाणी अडाजण-रांदेरच्या बाजूला शेतांत पसरे, पिके घेऊन जाई, गाळ ठेवून जाई. नुकसान होत नसे असे नाही. पण पाण्याला आडवे पसरायला जागा होती, त्यामुळे उभे चढायची पाळी कमी येई.

मग उकाई धरण झाले, १९७२ साली. शहराच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर. त्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत आजच्या नंदुरबार जिल्ह्यातलीही गावे होती, हे सुरतेत फारसे कोणी बोलत नाही. धरणाच्या पाठोपाठ शहराच्या काठाने बांध उभे राहिले. त्यातून एक भरवसा जन्माला आला, की आता पूर येणार नाही. हा भरवसाच माझ्या मते सगळ्यात महाग पडला. धरण होण्याआधी थडीवर घर बांधायला माणूस कचरत असे. धरण झाल्यावर तीच जमीन ‘नदीकाठचा निवांत परिसर’ म्हणून जास्त भावाने विकली गेली.

धरणाचे दोन धनी असतात. सिंचनाला आणि विजेला ते भरलेले हवे, पुराला ते रिकामे हवे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात या दोघांची ओढाताण सर्वात जास्त असते. २००६ साली ७ ते ९ ऑगस्टच्या दरम्यान ही ओढाताण सुरतेच्या अंगावर आली. वरून प्रचंड पाणी, धरणात पुरेशी जागा नाही, आणि ९ तारखेला नारळी पौर्णिमा, म्हणजे समुद्राला मोठी भरती. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. नंतर वाद झाला तो मुख्यतः धरणाचे दरवाजे कधी उघडले यावर, आणि तो व्हायलाच हवा होता. धरणे व नद्यांचा अभ्यास करणारे हिमांशु ठक्कर यांच्यासारखे लोक हा पूर धरण चालवण्याच्या पद्धतीतून आला असे सतत मांडत राहिले. सरकारने चौकशी आयोग नेमला. जलाशयात पुरासाठी जागा राखण्याकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले. पुढे रॉकफेलर फाउंडेशनच्या शहरांसाठीच्या उपक्रमात सुरतेचा समावेश झाला, सुरत क्लायमेट चेंज ट्रस्ट स्थापन झाला आणि धरणापासून शहरापर्यंत पुराचा इशारा देणारी व्यवस्था उभी राहिली. हे काम चांगले झाले आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे.

मात्र इशारा मिळाल्याने माणूस गच्चीवर जातो, पाण्याला जागा मिळत नाही. त्या दोन आकड्यांचे कोडे दरवाज्यांच्या वेळापत्रकाने पुरते सुटत नाही. दरवाजे उशिरा उघडले म्हणून नऊ लाख क्युसेक एकदम आले, हे मान्य. पण नऊ लाख क्युसेक साडेपंधरा लाखांच्या वर का चढले? गाळ साचला होता, खाली भरती होती, सिंगणपूरचा बंधारा मध्ये होता, ही कारणे अभ्यासकांनी दिली आहेत. आणि त्यांच्याबरोबर दिले आहे थडीवरचे बांधकाम. यातले भरतीचे कारण निसर्गाचे. बाकीची सगळी आपल्या हातची.

इथपर्यंत आपल्याला ऐकायला बरे वाटते, कारण ही तापीची गोष्ट झाली. तापी भेस्तानपासून आठ-दहा किलोमीटर दूर. २००६ साली आमच्या गल्लीत तापीचे पाणी आले नव्हते, आणि अडाजणहून आलेले नातेवाईक आमच्याकडे आठवडाभर राहिले होते. आम्ही उंचावरचे, सुरक्षित, अशी एक समजूत तेव्हा घट्ट झाली. ती पुढे टिकली नाही.

भेस्तानचे खरे पाणी तापीचे नाही. शहराच्या दक्षिण अंगाला मीठी खाडी, कोयली खाडी, भेदवाड खाडी, कांकरा खाडी असे ओहोळ आहेत. कामरेज, पलसाणा या बाजूच्या शेतांवर पडलेला पाऊस त्यांतून येतो आणि शेवटी मिंढोळा नदीकडे व समुद्राकडे जातो. मिंढोळा सोनगडकडच्या डोंगरात उगम पावते, व्यारा-बारडोलीवरून येते आणि तापीच्या दक्षिणेला अरबी समुद्राला मिळते. तिच्यावर उकाईसारखे मोठे धरण नाही, त्यामुळे तिच्या बातम्याही कमी. या खाड्यांना भरतीचे पाणी उलटे येते. वरून पाऊस आणि खालून भरती एकाच वेळी आली, की खाडी जागच्या जागी फुगते. २०२४ च्या जुलैत आणि २०२५ च्या जूनमध्ये तापी शांत असताना सुरतेच्या दक्षिण-पूर्व भागात दिवसेंदिवस पाणी उभे राहिले, ते या खाड्यांचे. गुजराती वर्तमानपत्रांनी त्याला ‘खाडीपूर’ हे नाव दिले, आणि आता ते नाव आपल्याही बोलण्यात आले आहे.

खाडीलाही थडी असते, ही गोष्ट आपण विसरलो. आमच्या आधीच्या पिढीने भेस्तानला जागा घेतली तेव्हा खाडीच्या दोन्ही अंगांना गवताची, पाणथळ जमीन होती. पावसाळ्यात तिच्यात बगळे उभे असत. जमीन स्वस्त होती, आणि ती का स्वस्त आहे हे विचारण्याइतका पैसा आपल्यापाशी नव्हता. भराव टाकला गेला, सोसायट्या झाल्या, पत्र्याचे कारखाने झाले. खाडीला दोन बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घातल्या गेल्या आणि तिचे नाव बदलून लोक ‘गटर’ म्हणू लागले. शहराची हद्द २००६ साली सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटरवर गेली. पूर आला तेच हे वर्ष. हद्द कागदावर एका दिवसात वाढते. पाणी कुठून कुठे जाते याचा नकाशा मात्र तितक्या लवकर तयार होत नाही.

नदीच्या थडीसाठी कोणी बोलले का, असे विचाराल तर बोलले आहेत, आणि त्यांत आपली मराठी माणसे आहेत. महाराष्ट्रात पूररेषेची कल्पना सरकारी कामकाजात बऱ्यापैकी रुजलेली आहे. पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांत एकदा येणारा पूर पोहोचतो ती लाल रेषा. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी आणि लाल यांच्या दरम्यान अटी घालून. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पुण्याने जे पाहिले, त्याची आठवण या रेषांच्या मागे आहे. तरीही मुठेच्या पात्रात, विठ्ठलवाडीपासून महामार्गाला जोडणारा रस्ता निळ्या रेषेच्या आत भराव टाकून बांधायला घेतला गेला. वास्तुरचनाकार सारंग यादवाडकर आणि त्यांचे सहकारी त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले आणि २०१३ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यांच्या हाती काय होते? सरकारनेच आखलेली एक रेषा. रेषा कागदावर होती म्हणून तिचा आधार घेऊन भांडता आले. पुण्यात सगळे आलबेल झाले असे मी म्हणत नाही. पात्राला अजूनही नवनव्या योजनांचे ग्रहण लागतच असते.

दिल्लीची गोष्ट अधिक कडू आहे. वनसेवेतून स्वेच्छेने निवृत्त झालेले मनोज मिश्रा यांनी २००७ साली ‘यमुना जिये अभियान’ सुरू केले. यमुनेच्या पूरमैदानात राष्ट्रकुल स्पर्धांसाठी निवासी संकुल बांधले जात होते. न्यायालयात ती लढाई ते हरले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला वाट मोकळी करून दिली. ते थांबले नाहीत, आणि जानेवारी २०१५ मध्ये हरित लवादाने यमुनेच्या पूरमैदानातील बांधकामाविरुद्ध सविस्तर निकाल दिला. जून २०२३ मध्ये मिश्रा वारले. पुढच्याच महिन्यात, १३ जुलैला, दिल्लीत यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली. याआधीचा उच्चांक १९७८ चा, २०७.४९ मीटर. आता पाण्याचे आकडे पाहा. १९७८ साली वरच्या बंधाऱ्यावरून सुमारे सात लाख क्युसेक सुटले होते, २०२३ साली साडेतीन लाखांच्या थोडे वर. निम्मे पाणी, आणि पातळी जवळजवळ चार फूट जास्त! सुरतेचे कोडे आणि दिल्लीचे कोडे एकच आहे.

केंद्र सरकारने पूरमैदानांच्या क्षेत्रनिश्चितीसाठी नमुना विधेयक राज्यांना पाठवले ते १९७५ साली. मणिपूरने १९७८ मध्ये कायदा केला, राजस्थानने १९९० मध्ये, उत्तराखंडने २०१२ मध्ये. पन्नास वर्षांत एवढी थोडी राज्ये! बाकीच्यांना जमीन लागते, हे उघड गुपित आहे.

आता अवघड भागाकडे येतो. पूरमैदान वाचवा असे आपण म्हणतो तेव्हा पहिली कुऱ्हाड कोणावर पडते? तापीकाठच्या आणि खाडीकाठच्या झोपड्यांवर. शहराच्या निरनिराळ्या भागांतून हलवलेली अनेक कुटुंबे कोसाड, वडोद आणि आपल्या भेस्तानच्या आवासांत आली. ‘भेस्तान आवास’ हे नाव आपल्या घरांत कोणत्या सुरात उच्चारले जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या लोकांना काठावरून उचलले गेले, कामापासून दूर टाकले गेले, आणि ज्या काठावरून ते उठले तिथे पुष्कळ ठिकाणी बाग, रस्ता किंवा पक्की इमारत उभी राहिली. नदीला त्यातले किती मिळाले? झोपडी हलवणे सोपे, पक्क्या इमारतीच्या वाहनतळाला हात लावणे अवघड. म्हणून थडीची बाजू घेणाऱ्याने आपल्या घराचा उतारा आधी तपासावा, असे मला वाटते. मी माझा तपासला. आमची सोसायटी ज्या जागेवर आहे ती खाडीच्या पाण्याची जागा होती. आम्हाला विकणाऱ्याने हे सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. आता आम्ही उठून जावे असे मी म्हणू शकत नाही, कारण माझे स्वतःचेच पाय तिथून निघणार नाहीत. पण खाडीच्या उरलेल्या मोकळ्या पट्ट्यावर आणखी भराव पडताना गप्प बसण्याचा अधिकार आम्हाला उरत नाही. त्या भरावाचे पाणी आमच्याच तळमजल्यावर येते.

करता काय येते, हेही थोडक्यात सांगतो, कारण आपल्या मंडळींत कायद्याची भीती फार. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की दोन महिन्यांच्या आत कोणालाही लेखी हरकत किंवा सूचना देता येते. वकील लागत नाही. सर्व्हे क्रमांक, जागेचे वर्णन, पाणी कोणत्या साली कुठवर आले याची नोंद, शक्य तर छायाचित्र, एवढे पुरते. आपल्या भागातले किती मराठी हात अशा हरकतीखाली सही करतात? गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावती पुस्तके आपण किती चोख ठेवतो ते मी पाहिले आहे. त्याच चोखपणाने पाण्याच्या खुणांची वही ठेवली, तर खाडीसाठी निळी रेषा मागताना आपल्या हाती काहीतरी असेल. आषाढ शुद्ध सप्तमीला, तापीच्या जन्मदिवशी, सुरतेची माणसे नदीला लांबच लांब चुनरी वाहतात. मीही गेलो आहे, आणि ते दृश्य खरोखर सुंदर असते. भेदवाड खाडीचा जन्मदिवस मात्र कोणत्याच पंचांगात नाही.

वहीची ही कल्पना आमच्या सोसायटीत एकदा अमलात आली होती. २०२४ च्या जुलैत पाणी ओसरल्यावर आम्ही चौघांनी वाहनतळाच्या खांबावर पाण्याची रेघ ओढली, शेजारी तारीख लिहिली. माझ्या कमरेच्या वर चार बोटे. दिवाळीपूर्वी इमारतीला रंग काढायचा ठरला. सभेत एकाने हळूच विषय काढला, की वरच्या मजल्यावरचे दोन फ्लॅट विकायचे आहेत, गिऱ्हाईक येते, खांबाकडे बघते आणि परत फिरते. कोणी हात वर केला नाही, कोणी विरोधही केला नाही. मीही नाही. रंगाऱ्याने दोन हात मारले. २०२५ च्या जूनमध्ये पाणी पुन्हा आले तेव्हा ते मागच्या वेळेपेक्षा वर होते की खाली, हे आम्हाला कोणालाच नक्की सांगता आले नाही.